नागपूरच्या उन्हात दुकानातले फ्रीजर आणि कोल्ड रूम नव्या गॅसवर कसे न्यावेत

‘भाऊ, ४०४ (म्हणजे फ्रीजर-कोल्ड रूममध्ये थंडावा देणारा आर-४०४ए गॅस) बंद होणार आहे, मशीनच बदलून टाका.’ मिठाईवाले, डेअरीवाले, आइस्क्रीम पार्लरवाले, चिकन-मासळीचे दुकानदार, केटरर, सगळ्यांच्या कानावर हे वाक्य आता पडू लागलं आहे. दुसऱ्याच दिवशी दुसरा मेकॅनिक येतो आणि सांगतो, ‘काही बदलू नका, गॅस भरून देतो, दोन वर्षं बघायचं काम नाही.’ दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि दोघांचंही ऐकलं तर खिशातून पैसे जातात.

माझं डेअरी आणि मिठाईचं दुकान आहे. आमच्याकडचे डीप फ्रीजर, काउंटरचे डिस्प्ले आणि मागची कोल्ड रूम, हे सगळं टप्प्याटप्प्याने जास्त तापमानवाढ करणाऱ्या गॅसवरून कमी घातक गॅसवर नेताना जे शिकलो ते इथे क्रमाने देतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: आधी गळती थांबवा, मग मशीन म्हातारं होईल तसं एकेक बदला, आणि नवा गॅस निवडताना कॅटलॉगमधलं तापमान बाजूला ठेवून मे महिन्यातलं नागपूर डोळ्यांपुढे आणा.

१. काय बंद होतंय आणि कधी, ते नीट समजून घ्या

भीती दाखवून मशीन विकणाऱ्यांपासून वाचायचं असेल तर तारखा पाठ हव्यात.

आर-२२ हा जुना गॅस ओझोनच्या थराला छिद्र पाडतो. मॉन्ट्रियल करारानुसार भारताने त्याचा वापर पायरीपायरीने कमी करत आणला आहे, आणि २०३० पासून तो जवळपास पूर्ण थांबवायचा आहे. जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी २०४० पर्यंत अगदी थोडा कोटा राहील. म्हणजे आर-२२ वरची कोल्ड रूम अजून असेल, तर तिचं नियोजन याच वर्षी सुरू करा.

आर-४०४ए, आर-१३४ए, आर-४१०ए हे नंतरचे गॅस. ते ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवेत सुटले की प्रचंड उष्णता धरून ठेवतात. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्या देशाचं वेळापत्रक असं आहे: २०२८ मध्ये वापर गोठवायचा, मग ठरलेल्या पायाभूत पातळीच्या तुलनेत २०३२ पर्यंत १० टक्के, २०३७ पर्यंत २०, २०४२ पर्यंत ३० आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात.

तर मग ‘४०४ उद्या बंद’ हे खरं नाही. तुमचं चालू मशीन कुणी उचलून नेणार नाही. पण ही कपात गॅसच्या नुसत्या किलोंवर मोजत नाहीत. प्रत्येक किलोला त्याच्या तापमानवाढीच्या आकड्याने गुणतात. त्यामुळे ज्याचा आकडा मोठा तो गॅस बनवणं कंपन्यांना आधी नकोसं होणार. आर-४०४ए त्या रांगेत अगदी पुढे उभा आहे. आज घेतलेली कोल्ड रूम पंधरा वर्षं चालवायची म्हटलं, तर तिची उत्तरार्धातली दुरुस्ती कपातीच्या काळात येते.

हे आकडे एका किलो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेतले आहेत. करारातले हिशेब यांच्यावरच चालतात:

आर-५०७: ३,९८५
आर-४०४ए: ३,९२२
आर-४१०ए: २,०८८
आर-२२: १,८१०
आर-१३४ए: १,४३०
आर-४४८ए आणि आर-४४९ए: सुमारे १,४००
आर-३२: ६७५
आर-२९०, म्हणजे प्रोपेन: ३
आर-७४४, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच: १
आर-७१७, म्हणजे अमोनिया: ०

२. प्रत्येक मशीनची पाटी वाचून यादी करा

मागच्या किंवा आतल्या बाजूला चिकटवलेली नेमप्लेट शोधा. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. त्यावरून वहीत पाच गोष्टी उतरवा: गॅसचं नाव, गॅसचं वजन, बनवल्याचं वर्ष, कंप्रेसरचा मॉडेल नंबर आणि क्लायमेट क्लास. हा शेवटचा रकाना बहुतेक लोक सोडून देतात. पाटीवर ‘टी’ असं अक्षर दिसलं, तर ते मशीन ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलं आहे. काचेच्या डिस्प्ले काउंटरवर क्लास ५ असेल, तर त्याची चाचणी ४० अंशांना झालेली असते. नवतपाच्या दिवसांत आपल्याकडे बाहेरची हवा पंचेचाळीसच्या वर जाते, आणि टिनाच्या शेडखाली त्याहूनही जास्त. ‘मशीन उन्हाळ्यात दम टाकतं’ या तक्रारीचं निम्मं उत्तर त्या एका अक्षरात असतं.

पाटीवर लिहिलेला गॅसच आत आहे, असं गृहीत धरू नका. मधल्या काळात कुणी तरी दुसराच भरलेला असू शकतो. ढोबळ पडताळणी अशी: मशीन बंद ठेवा, आतलं-बाहेरचं तापमान एकसारखं होऊ द्या, मग मेकॅनिकला गेज लावायला सांगा. ३० अंशांना आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय (हे दाबाचं माप) दाखवतो, आर-२२ साधारण १५८ आणि आर-४०४ए १९० च्या आसपास. आकडा यातल्या कशाशीच जुळला नाही, तर आत भेसळ आहे किंवा हवा शिरली आहे. गॅस जवळपास संपलेला असेल तर मात्र ही चाचणी उपयोगाची नाही.

यादीत गॅसचं वजन आणि वरचा आकडा यांचा गुणाकारही लिहा. आठ किलो आर-४०४ए असलेल्या कोल्ड रूममधून सगळा गॅस निघून गेला, तर सुमारे ३१ टन कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान होतं. आपल्या देशातली एक युनिट वीज बनवताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या एका गळतीचं ओझं चाळीस हजारांहून जास्त युनिट विजेइतकं झालं. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दुकानातला एलईडीचा खर्च मोजणं सोडून आधी फ्लेअर नटांकडे, म्हणजे पाइपचे सांधे आवळणाऱ्या नटांकडे, वळलो.

३. गळती शोधा, गॅस नंतर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. फ्रीजर आणि कोल्ड रूमचा गॅस पेट्रोलसारखा ‘संपत’ नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. दर उन्हाळ्यात ‘टॉप-अप’ करणारा मेकॅनिक तुमची अडचण सोडवत नाही, पुढच्या वर्षावर ढकलतो.

कुठे पाहायचं?

फ्लेअर नट आणि सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपी. गॅससोबत तेलही बाहेर येतं, त्यामुळे तेलकट डागावर धूळ बसून काळं वर्तुळ दिसलं की तिथे साबणाचा फेस लावा. व्हॉल्व्हच्या पिनेवर घट्ट टोपी नसणं हे फार साधं आणि फार वेळा सापडणारं कारण आहे.

कंप्रेसरजवळचा कॉपर पाइप. तो थरथरून दुसऱ्या पाइपला किंवा पत्र्याला घासतो आणि झिजतो. मधे रबराचा तुकडा आणि नीट क्लॅम्प एवढ्याने काम होतं.

आतली कॉइल. आपल्या धंद्यासाठी हा मुद्दा खास आहे. दही, आंबवलेलं पीठ, व्हिनेगर, लोणची उघडी ठेवली की त्यातली आम्लं हवेत मिसळतात आणि तांब्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडतात. दह्याच्या कुंड्यांवर झाकण ठेवा. नवी कॉइल घेताना इपॉक्सीचा लेप दिलेली मागा. आमच्याकडे एवढ्या दोन गोष्टींनी खूप फरक पडला.

गळती सापडली, झाळून झाली, की नायट्रोजनची प्रेशर टेस्ट. इथे एक इशारा मोठ्या अक्षरात समजा: ऑक्सिजनच्या सिलिंडरने टेस्ट कधीही करू देऊ नका. कंप्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. मेकॅनिकच्या वेल्डिंगच्या सेटमध्ये ऑक्सिजन हाताशी असतो, म्हणूनच हा धोका खरा आहे. सिलिंडरवर कोरडा नायट्रोजन असल्याची खात्री स्वतः करा, त्याला रेग्युलेटर आहे का पाहा, आणि दाब पाटीवरच्या कमाल मर्यादेच्या पुढे नेऊ देऊ नका.

टेस्ट चोवीस तास ठेवा आणि सकाळचा आकडा दुसऱ्या सकाळच्याच आकड्याशी ताडून पाहा. पहाटे २७ अंशांना ३०० पीएसआय भरलेला नायट्रोजन दुपारी ४५ अंशांना आपोआप ३१९ च्या आसपास जातो. दुपारी भरून रात्री पाहिलं तर दाब उतरलेला दिसेल आणि नसलेली गळती शोधत बसाल. उलट, सकाळी भरून दुपारी पाहिलं तर बारीक गळती झाकली जाईल.

त्यानंतर व्हॅक्यूम. साध्या गेजचा काटा खाली गेला म्हणजे व्हॅक्यूम झाला असं नसतं. अगदी बारीक व्हॅक्यूम मोजणारा मायक्रॉन गेज लावायला सांगा आणि ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद करायला लावा. आकडा थोडा चढून थांबला तर आत ओलावा आहे; चढतच राहिला तर अजून गळती आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की ओलावा शोषणारा ड्रायर न बदलता सिस्टिम उघडणं म्हणजे पुढची बिघाडी विकत घेणं. सिस्टिम उघडली की ड्रायर नवा, यात तडजोड नको.

४. कोणतं मशीन आधी बदलायचं ते ठरवा

घाईने सगळं भंगारात काढू नका. मी असा क्रम लावला होता.

आर-२२ वरचं आणि वारंवार गळणारं मशीन सगळ्यात आधी. त्यामागून आर-४०४ए वरचे जुने डीप फ्रीजर, ज्यांचा कंप्रेसर एकदा तरी बदलला आहे किंवा ज्यांच्या भिंतीला बाहेरून घाम येतो. घाम म्हणजे आतलं फोम गेलं. त्यात चांगला गॅस घालूनही वीज वाया जाणारच. आर-४०४ए वरची चांगल्या स्थितीतली कोल्ड रूम असेल तर ती न गळवता चालवा आणि तिचा पर्याय सावकाश निवडा. आर-१३४ए वरचे छोटे व्हिजी कूलर, म्हणजे काचेच्या दाराचे कूलर, शेवटी. त्यांत गॅस काही शे ग्रॅमच असतो आणि सील केलेले असल्याने ते सहसा गळत नाहीत.

कामाचा हंगामही बघा. आइस्क्रीमवाल्यांनी डिसेंबर-जानेवारी धरावा. मिठाईवाल्यांना दिवाळी उलटल्यावर थोडी उसंत मिळते, पण तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराईच्या ऑर्डरी येतात. त्यामधली फट शोधा. एप्रिलमध्ये हे काम काढायचं नाही. तेव्हा चांगला मेकॅनिक मिळत नाही, आणि मिळालाच तर घाईत असतो.

५. नवं मशीन घेताना गॅस कोणता?

छोट्या, प्लग लावून चालणाऱ्या मशीनसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: आर-२९०. डीप फ्रीजर आणि व्हिजी कूलर या गॅसवर बाजारात सहज मिळतात. अगदी छोट्या मशीनमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन दिसेल, तोही चांगला.

कारण फक्त पर्यावरणाचं नाही. प्रत्येक गॅसला एक क्रिटिकल तापमान असतं. त्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि त्याच्या जवळ जाऊ लागला की थंडावा देण्याची ताकद घटत जाते. आर-४०४ए चं हे तापमान ७२ अंश आहे, प्रोपेनचं जवळपास ९७. बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर फेकणाऱ्या कॉइलच्या, आत ५५ किंवा त्याहून जास्त होतं. त्या वेळी आर-४०४ए चा दाब ३५० पीएसआयच्या वर गेलेला असतो, तर प्रोपेनचा २६० च्या आसपास असतो. कंप्रेसरला ओढावं लागणारं ओझं कमी होतं. विदर्भातल्या दुपारी हाच फरक थंडी टिकवतो.

कार्बन डायऑक्साइडबद्दल विक्रेते हल्ली उत्साहाने बोलतात. गॅस उत्तम आहे, जळत नाही, आकडा १. पण त्याचं क्रिटिकल तापमान ३१ अंश आहे आणि तिथेच दाब जवळपास ७४ बार, म्हणजे हजाराहून जास्त पीएसआय. नागपुरात वर्षातले बरेच महिने दुपारी तो द्रव होणारच नाही. मशीन ९०-१०० बारच्या दाबावर चालेल आणि विजेची भूक वाढेल. यावर इजेक्टर, पॅरलल कंप्रेशन, पाण्याने हवा थंड करणारे कूलर असे उपाय आहेत, पण ते मोठ्या सुपरमार्केटच्या बजेटचे. मध्यम दुकानदाराने सध्या त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

अमोनियाचा आकडा शून्य. कळमना परिसरासारख्या ठिकाणच्या मोठ्या शीतगृहांसाठी तो जुना आणि भरवशाचा गॅस आहे. पण विषारी आहे, तांब्याला खातो, प्रशिक्षित माणूस चोवीस तास लागतो. गल्लीतल्या दुकानासाठी नाही.

छोटी कोल्ड रूम नव्याने बांधत असाल तर प्रोपेनवरची मोनोब्लॉक, म्हणजे सगळे भाग एकाच डब्यात असलेली, युनिटं विचारा. एका मोठ्या कंप्रेसरऐवजी दोन छोटी युनिटं भिंतीत बसतात. प्रत्येकाचा गॅस वेगळा आणि थोडा. एक बंद पडलं तरी दुसरं माल वाचवतं. पेढे-बर्फीचा खवा आणि संत्र्याचा गर ठेवणाऱ्याला या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘बाहेर ४५ अंश असताना आत उणे १८ टिकेल का, आणि तेव्हा वीज किती लागेल?’ गोठवलेल्या मालासाठी उणे १८ ही अन्नसुरक्षेची अट आहे. उत्तर फक्त ३२ अंशांचं मिळालं, तर दुसरा विक्रेता पाहा.

६. जुन्या कोल्ड रूममध्ये गॅस बदलायचा असेल तर

आर-४०४ए वरची चांगली कोल्ड रूम आर-४४८ए किंवा आर-४४९ए वर नेता येते. आकडा जवळपास एक-तृतीयांशावर येतो आणि दोन्ही जळत नाहीत. पण ही मधली पायरी आहे, कायमचा मुक्काम नाही, हे लक्षात ठेवूनच पैसे घाला.

काम असं चालतं. आधी चालू मशीनची नोंद: दोन्ही बाजूंचे दाब, कंप्रेसरचा अँपिअर, डिस्चार्ज पाइपचं तापमान, आतलं तापमान. मग जुना गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढायचा आणि वजन लिहायचं. ड्रायर आणि जुने रबरी सील बदलायचे. नायट्रोजन, व्हॅक्यूम. मग नवा गॅस द्रवरूपात, वजनकाट्यावर. हे मिश्रण गॅस आहेत. सिलिंडरमधून वाफेच्या रूपात भरले तर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. शेवटी आतल्या कॉइलला किती गॅस जाईल ते ठरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह पुन्हा सेट करायचा, मशीनवर ठळक नवं लेबल लावायचं.

आर-४०४ए वर सहसा पीओई नावाचं कृत्रिम तेल असतं, ते चालतं. आर-२२ वरून जात असाल तर आतलं मिनरल ऑइल काढून पीओई भरावं लागतं, आणि जुन्या तेलाचा अंश पाच टक्क्यांखाली यावा लागतो. एकदा तेल बदलून हे साधत नाही. त्यामुळे म्हाताऱ्या आर-२२ युनिटवर हा खर्च करण्यापेक्षा नवं युनिट घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

नागपूरसाठी खास धोका: हे दोन्ही गॅस आर-४०४ए पेक्षा कंप्रेसरचं डोकं जास्त तापवतात. चिलरच्या दोन-चार अंशांच्या खोलीत त्याचा त्रास नाही. उणे १८ च्या फ्रीजर रूममध्ये, मे महिन्यात, तेल जळण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. त्यामुळे कंप्रेसर बनवणाऱ्या कंपनीकडून त्या मॉडेलसाठी, त्या गॅससाठी, आपल्या तापमानासाठी लेखी मान्यता घ्या. कंप्रेसर थंड ठेवायला हेड फॅन किंवा लिक्विड इंजेक्शन लागेल का, तेही त्यातच विचारा.

आणि जानेवारीत सेट केलेलं मशीन मे महिन्यात तसंच चालेल, असं समजू नका. थंडीत थोडा जास्त भरलेला गॅस कळत नाही. उन्हाळ्यात तोच हाय प्रेशरवर ट्रिप करतो. हिवाळ्यात काम केलंत तर कंडेन्सरचा काही भाग पुठ्ठ्याने झाकून दाब उन्हाळ्याइतका चढवून पाहायला सांगा, आणि मे महिन्यातली एक भेट करारात आधीच लिहून घ्या.

७. हे तीन सापळे टाळा

पहिला आणि सगळ्यात भयंकर: ‘४०४ च्या मशीनमध्ये प्रोपेन घालून देतो, बिल कमी येईल.’ थंडावा मिळेलही. पण त्या मशीनचे रिले, थर्मोस्टॅट, पंख्याचे स्विच ठिणगी सोडणारे असतात. ते जळणाऱ्या गॅससाठी बनलेलेच नाहीत. आर-२९० फक्त आर-२९० साठी बनवलेल्या मशीनमध्ये. काहीजण तर स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमधून भरतात. त्यात ब्युटेन, ओलावा आणि वासाची द्रव्यं असतात, दाब भलतेच येतात आणि कंप्रेसर जातो. असं सुचवणाऱ्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवा.

दुसरा: स्वस्त सिलिंडर. बिल नाही, बॅच नंबर नाही, सील उघडलेलं. बनावट आर-१३४ए मध्ये आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड सापडल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. तो अॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतो आणि माणसांचे जीव गेले आहेत. सिलिंडरच्या रंगावर विसंबू नका. जीएसटीचं बिल घ्या. पुन्हा भरता येणाऱ्या सिलिंडरच्या गळ्याजवळ चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती पाहा. गॅस सिलिंडरचे नियम सांभाळणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. निदान नागपुरात तरी तारीख उलटलेलं सिलिंडर कुणी दुकानात आणू नये.

तिसरा: दोन गॅस मिसळणं. थोडा ४०४ उरला आहे, त्यावर दुसरा टाकू, असं कुणी म्हटलं तर थांबवा. दाबाचे तक्ते निरुपयोगी होतात आणि तो मिश्र गॅस पुढे शुद्ध करणंही अवघड होतं.

८. मेकॅनिक निवडताना

आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला असणं चांगलं. त्याहून चांगलं म्हणजे त्याने जळणाऱ्या गॅसवर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असणं. पण मी कागदाआधी गाडीतलं सामान पाहतो. हे असायला हवं:

नायट्रोजनचं सिलिंडर आणि रेग्युलेटर
व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज
डिजिटल वजनकाटा
रिकव्हरी मशीन आणि रिकामं रिकव्हरी सिलिंडर
जळणाऱ्या गॅससाठीचा लीक डिटेक्टर
क्लॅम्प मीटर आणि पाइपला लावायचा थर्मामीटर

पहिल्या चार वस्तूंपैकी एक जरी नसेल तर काम देऊ नका. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचं नसतं, हे त्याला माहीत आहे का ते सहज विचारून पाहा. उत्तरावरून माणूस कळतो. जाणकार मेकॅनिक जास्त पैसे सांगेल. ते द्या. त्याचे दोन तास जास्त लागतात, कारण तो गॅस हवेत सोडून मोकळा होत नाही.

काढलेला गॅस कुठे जातो हेही विचारा. स्वच्छ असेल तर तो तुमच्याच दुसऱ्या मशीनला वापरता येतो, फक्त वजनाची नोंद हवी. खराब असेल तर गॅस शुद्ध करणाऱ्या केंद्राकडे जायला हवा. जुनं मशीन कबाडीला थेट देऊ नका, तो पाइप तोडतो आणि सगळा गॅस एका क्षणात हवेत जातो. आधी गॅस काढून घ्या, मग ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापर केंद्राला द्या आणि पावती ठेवा.

९. प्रोपेनचं मशीन दुकानात ठेवताना

घरच्यांनी, कामगारांनी पहिला प्रश्न हाच विचारला: फुटणार तर नाही? हिशेब सांगतो. बहुतेक छोट्या फ्रीजरमध्ये १५० ग्रॅमपर्यंत प्रोपेन असतं. आपल्या भट्टीला लावलेल्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो एलपीजी असतो. प्रोपेन हवेत पेटायला दर घनमीटरला सुमारे ३८ ग्रॅम लागतो. दहा बाय बारा फूट, दहा फूट उंच दुकानात १५० ग्रॅम पसरला तर तो घनमीटरला साडेचार ग्रॅमसुद्धा होत नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने ही १५० ग्रॅमची मर्यादा एका सर्किटला सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत वाढवली आहे. तसं मोठं मशीन घेतलंत तर खोलीच्या आकाराची अट कंपनीकडून समजून घ्या.

तरीही नियम पाळायचे. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो. त्यामुळे तळघरात किंवा खड्ड्यात ठेवायचं नाही. रेफ्रिजरंटच्या प्रतीच्या प्रोपेनला वास नसतो, नाकावर भिस्त ठेवू नका. भट्टी, शेगडी, देवाचा दिवा यांच्यापासून लांब. मशीनच्या जाळ्या झाकू नका. बर्फ काढायला सुरी किंवा सळई कधीच नाही. एक ओरखडा कॉइलला भोक पाडतो. आणि दुरुस्ती करताना गॅस आत असताना झाळकामाचा टॉर्च पेटवायचा नाही. आधी गॅस मोकळ्या हवेत सुरक्षित काढायचा, नायट्रोजनने पाइप धुवायचा, डिटेक्टरने खात्री करायची, मगच झाळकाम.

१०. उन्हाळ्याआधीची तयारी

कंडेन्सर शेडखाली, पण मोकळ्या हवेत हवा. भिंतीपासून अंतर ठेवा. मिठाईच्या दुकानात मैदा आणि तुपाची वाफ जाळीवर चिकट थर करते; उन्हाळ्यात तो दर आठवड्याला ब्रशने काढा. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कंडेन्सरसमोर वाळ्याचा किंवा कूलरचा ओला पॅड लावला तर आत जाणारी हवा बरीच थंड होते. पाणी थेट कॉइलवर मात्र मारू नका. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून पुढच्या वर्षी ती कॉइल बाद होते.

११. फाइलमध्ये हे कागद ठेवा

प्रत्येक मशीनच्या पाटीचा फोटो आणि खरेदीचं बिल
गॅस खरेदीचं जीएसटी बिल, बॅच नंबरसह
सर्व्हिस नोंदवही: तारीख, कारण, किती गॅस काढला, किती भरला, मेकॅनिकची सही
प्रेशर टेस्ट आणि व्हॅक्यूमचे आकडे, गेजच्या फोटोसह
गॅस बदलला असल्यास कंप्रेसर कंपनीची लेखी मान्यता
वार्षिक देखभालीचा करार, मे महिन्याच्या भेटीच्या उल्लेखासह
जुनं मशीन दिल्याची अधिकृत पावती
विमा कंपनीला जळणाऱ्या गॅसचं मशीन बसवल्याचं दिलेलं पत्र
आतल्या तापमानाची रोजची नोंद, जी अन्नसुरक्षा तपासणीतही लागते

विम्याचं पत्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दावा करण्याची वेळ आली तर तेच पहिल्यांदा मागतात, म्हणून मशीन बसवल्याच्या आठवड्यातच ते पाठवा आणि पोच घ्या. त्यासोबत एक छापील कागद मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: आत कोणता गॅस आहे, किती आहे, फुसफुस ऐकू आली तर कोणताही स्विच न दाबता शटर उघडायचं, बाहेर यायचं, आणि कुणाला फोन करायचा. रात्री दुकानात झोपणाऱ्या मुलाला तो वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत.